सात टाक्यांचा तुंबा

मी एक जुना तुंबा आहे. मित्रांनो, रवांडातल्या एका टेकडीवर, बेलांसिलच्या कुंपणावर मी भोपळा म्हणून वाढलो. तिचा नवरा अथनाझ याने मला कोरून वाळवले आणि केळ्यांच्या दारूने भरले. एकदा मला तडा गेला, तर त्याने चामड्याच्या दोरीचे सात टाके घालून मला वाचवले. लग्नाबारशात माझे कौतुक होई.

मग कत्तलीचे ते शंभर दिवस आले. शेजाऱ्यांनीच शेजारी मारले. शेजारच्या वियानीने अथनाझला घरातून ओढून नेले आणि जाताना मलाही खांद्याला अडकवले. पुढचे सारे मी पाहिले. पण तुंब्याची साक्ष कोण घेणार?

वर्षे गेली. त्या हत्यांचा न्याय गावकरीच गवतावर बसून करू लागले. तिथे वियानीने कबुली दिली, "मी टोळीत होतो. पण अथनाझच्या घरात पाऊल टाकलं नाही, आणि त्याला कुठं पुरलं ते ठाऊक नाही." कबुलीमुळे त्याची शिक्षा कमी झाली. सुटून आल्यावर माफी मागायला तो दारू घेऊन बेलांसिलकडे निघाला. ती भरली माझ्यातच. मी त्याच्या घरी इतका मुरलो होतो, की मी कुणाचा हेच तो विसरला होता.

आमच्याकडे देणाऱ्याने आधी स्वतः घोट घ्यायचा असतो. त्याने घेतला.

"घ्या वहिनी. बघा, विष नाही."

"विष नाही ते दिसलं," बेलांसिल म्हणाली. "तुझं बोलणं खरं आहे का, ते कुठं दिसतंय?"

तिची मुलगी हसली. "आई, कबुलीसुद्धा हा पाणी घालूनच देतो."

बेलांसिलने मला हातात घेतले. तिचा अंगठा टाक्यांवरून फिरला, थांबला. एक, दोन... सात.

"घरात पाऊल टाकलं नव्हतंस ना? मग हा चालत आला तुझ्याकडे?"

बेलांसिलने मला मांडीवर ठेवले.

"माफीचं नंतर बघू. माझा नवरा कुठं आहे ते सांग."

वियानी उठला आणि ज्वारीच्या शेतापलीकडच्या खड्ड्याशी त्यांना घेऊन गेला. तिथे अथनाझ सापडला. बेलांसिलने त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून नीट पुरले. वियानीची दारू तिने अजून प्यायलेली नाही. पिईल की नाही, मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू जपा, धुवा, पुसा. पण त्या घरात कशा आल्या, हे मोठ्यांना एकदा जरूर विचारा. उत्तर देताना ते दुसरीकडे पाहू लागले, तर पुन्हा विचारा.