निळसर फोटो

"माझा माणूस दुखण्यानं गेला, भाऊ. बुडून न्हाई," शकुबाई म्हणाल्या आणि फोटो त्यांनी सोपानच्या टेबलावर ठेवला.

चेहरा निळा पडलाय, असं त्यांचं म्हणणं. सोपानला तर फोटोत काही खोट दिसेना. पण अशी तक्रार काही पहिली नव्हती. वराळ्यातल्या लग्नांचे, बारशांचे फोटो ज्यानं काढले, त्याची गिऱ्हाइकं आता तळेगावची वाट धरू लागली होती. असंच चाललं तर स्टुडिओला कुलूप लागणार, हे त्याला दिसत होतं. त्यात उद्या बाईंच्या नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम. बाईंना फोटो आजच हवा.

दोष कॉम्प्युटरचा, दुसरा कुणाचा? मेला स्क्रीनच सगळं पिवळट दाखवायचा, म्हणून सोपान प्रत्येक फोटोतला पिवळा कमी करायचा. त्यानं तळेगावहून कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या अमृतला बोलावलं. अमृतनं स्क्रीनवर चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, नव्यानं टाकलं, रंगांची सेटिंग मूळ जागी आणली आणि झालं म्हणाला.

कसलं झालं? पिवळं ते पिवळंच. अमृतनं मग सेटिंगमध्ये निळा वाढवत नेला, तशी सोपानची कळी खुलली. आता कसं बरोबर दिसतंय म्हणाला. मागून शकुबाई म्हणाल्या, आता तर लयच निळं झालं.

अमृतनं निळा परत खाली आणला आणि प्रिंटरजवळचा एक कोरा कागद स्क्रीनला लावून धरला.

"काका, हा कसा दिसतो?"

"पिवळा. जुना असंल."

कागद आत्ताच नव्या गठ्ठ्यातून काढला होता. अमृत हळूच म्हणाला, मोतीबिंदू असेल, त्यानं सगळं पिवळट दिसतं, ऑपरेशननं जातो. सोपाननं टेबलावरचा फोटो उचलून पुन्हा पाहिला. किती जणांना आपण असं निळं करून घरी पाठवलं, देव जाणे.

शकुबाई अजून उभ्याच होत्या. त्यानं स्टूल पुढं ओढलं.

"बसा, वहिनी. मी रंग हलवतो, तुमी सांगा."

त्या सांगत गेल्या. थोडं लाल. न्हाई, एवढं नगं. उन्हातलं माणूस होतं, जरा सावळं करा. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "बास. हेच हायेत आमचे."

सोपानला समोर कावीळ झालेला माणूस दिसत होता. असला फोटो त्यानं कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता. त्यानं तो छापला, फ्रेममध्ये बसवला, काच सदऱ्यानं पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला.