उंबरझिरा धरणाकडे वळवला तेव्हा

ओझरच्या विमान कारखान्यात मी चौतीस वर्षं तपासनीस होतो. समोर येईल त्या भागाला चिठ्ठी बांधायची. हिरवी पास, पिवळी थांबा, लाल बाद. एकदा गमतीनं एका कबुतराला हिरवी चिठ्ठी बांधली, तर ते पाठीवर दोन इंजिनिअर घेऊन नाशिकरोडला उतरलं. कोणी मानत नाही. नका मानू.

निवृत्त झालो तरी हाताची खोड जाईना. मग सिडकोतल्या गॅलरीत बसून इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात फुकट संपादन सुरू केलं. माझा आवडता विषय पुनर्निर्देशन. म्हणजे एका नावाच्या पानावर आलेल्या माणसाला अलगद उचलून दुसऱ्या पानावर ठेवायचं. आपण गोदावरीला गंगाच म्हणतो ना? तर कोणी 'नाशिकची गंगा' शोधली की त्याला गोदावरीच्या पानावर सोडायचं. 'गुलशनाबाद' शोधलं की नाशिकवर. आणि प्रत्येक वळणाला वर्गाची चिठ्ठी लावायची, हे बोलीतलं नाव, हे जुनं नाव. म्हणजे आपला कारखानाच.

माझ्या चिठ्ठ्या तपासायची तृप्ती. ती लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे प्रतवारीचं काम बघते आणि तोच डोळा लेखांना लावते. भरलेला लेख उन्हाळ कांदा. दोन ओळींचा लेख गोल्टी, म्हणजे गोटीएवढा बारका कांदा. संदर्भ नसलेला लेख तिच्या लेखी ढिगाबाहेर.

फाल्गुनातली दुपार होती. जेवणानं डोळे जडावले होते. 'उंबरझिरा' नावाचं पेठच्या डोंगरातल्या पाड्याचं पान समोर आलं. दोनच ओळी, खाली एक संदर्भ. दुवा दाबला, उघडेना. मेला असेल म्हणून काढून टाकला. सातखोरी धरणाच्या पानावर लिहिलेलं होतं की उंबरझिरा पाण्याखाली गेला. झालं तर! उंबरझिरा धरणाकडे वळवला, 'जुनं नाव' अशी चिठ्ठी लावली आणि आडवा झालो.

पाचव्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारी, कडेला गाठोडं. मागे जीपवाला.

"देवराम ओझरवाला तुमीच का?"

"मीच. आपण?"

"सगुणाबाई. माजं गाव पाण्यात ढकललं ते तुमीच ना?"

जीपवाल्याचं नाव सहादू. तो कानात पुटपुटला, "अण्णा, बाई द्राक्षाच्या कामावरून घरी निघाली होती. चार दिवस झाले, गाडी उंबरझिऱ्याला काढली की धरणाच्या भिंतीवर जाऊन उभी राहते. रस्ता सरळ, स्टेअरिंग सरळ, समोर पाणी. उलटी चालवून बघितली, तरी धरण. शेवटी फोनवर गावाचं पान उघडलं. शेवटचा बदल तुमचा. पत्ताही तुम्हीच तिथे तुमच्या नावाच्या पानावर लिहून ठेवलाय, मारुती मंदिरामागे म्हणून."

"पण गाव तर बुडालंय," मी म्हणालो.

"खालचं बुडालं," सगुणाबाई म्हणाली. "बुडायच्या आदी आमी उंबराची फांदी तोडून वर नेली, लावली. फांदी जगली तितं गावाचं नाव लागलं, आमची रीतच हाय ती. पाच घरं हायेत वर. मदल्या घरात माजी सून हाय, छाया. दिस भरलेत तिचे. पाड्यातली सुईन मीच. आता सांगा, पोर मी नसताना व्हयाचं का? आन् दाखल्यावर काय लिवाचं, जन्म धरनात? ते मासा हाय का?"

मी तृप्तीला फोन लावला. मागे लिलावाचा गलका.

"काका, वळण असं उचलून काढता येत नाही. संदर्भ आहे?"

"गावची बाईच समोर उभी आहे."

"बाई संदर्भ होत नाही. छापील काहीतरी आणा."

"काय म्हनते पोरगी?" सगुणाबाईनं विचारलं.

"म्हणते, तुम्ही आहात याला पुरावा नाही."

"तिला म्हनावं, ये हितं, चिमटा काढते."

आम्ही जीपमध्ये बसलो. पेठ रस्त्याला पळस इतका फुलला होता की काच खाली केली तर आत तांबडा उजेड सांडत होता. सहादूनं गाडी उंबरझिऱ्याकडे वळवली. मी डोळे ताणून बघत होतो. तरी वळण कधी आलं ते कळलंच नाही. एकदम पुढे धरणाची भिंत आणि पाणी, इतकं निवांत की त्यात ढग झोपलेले. पाण्याखालून कोंबडा आरवला. मी ऐकला.

सगुणाबाई भिंतीला नाक लावून चालायला लागली. साक्षरता वर्गात वाचायला शिकल्यापासून ती बारीक अक्षर सोडत नाही, साबणाचा कागदसुद्धा वाचून काढते. अचानक थांबली.

"अण्णा, हे काय लिवलंय?"

भिंतीच्या अगदी माथ्यावर, मुंगीएवढ्या निळ्या अक्षरांत ओळ होती: उंबरझिरा या पानावरून येथे वळवले आहे.

मी कपाळावर हात मारला. वळवून जिथे आणून सोडतात त्या पानाच्या डोक्यावर ही ओळ असतेच. ती दाबली की माणूस जिथून वळला तिथे परत जातो. हजारो वळणं लावली मी, पण ती ओळ कधी वाचली नव्हती.

"दाबा," मी म्हणालो.

तिनं अंगठा टेकवला. अक्षरं कोमट होती म्हणे.

आणि आम्ही पांढऱ्यात उभे होतो. गंगेच्या घाटावर वाळत घातलेल्या धोतरासारखं पांढरं, वाऱ्यानं हलणारं, आरपार. घर नाही, झाड नाही. मधोमध एक वाकडा बाण, धरणाकडे तोंड केलेला. त्याच्या मानेला माझी चिठ्ठी: 'जुनं नाव'.

"जुनं कोन?" सगुणाबाई कडाडली. "मी का?"

तेवढ्यात पांढऱ्यातून बाईचं कण्हणं आलं. "आत्या... कुटं हायेस गं?"

"छाये! हितंच हाय!" सगुणाबाई आवाजाकडे धावली. हात चाचपडत राहिले. दार नव्हतं. लिहिलेलंच नव्हतं.

"अण्णा, दार लिवा! पोरगं थांबनार नाय!"

मी फोन काढला. पानाचा इतिहास उघडला, तो पांढऱ्याच्या खाली घडी घालून ठेवल्यासारखा होता. मी मारलेल्या बदलाच्या खाली त्या दोन ओळी, आणि त्यांच्या खाली मी काढलेला संदर्भ. दुवा दाबला. टपकन उघडला. मतदार यादी, केंद्र: जिल्हा परिषद शाळा, उंबरझिरा. पाच घरांची नावं, छापील.

तृप्तीला फोन केला.

"काका! म्हणजे संदर्भ होता?"

"तेव्हा उघडत नव्हता गं."

"त्या दिवशी दुपारी सिडकोत नेट सारखं येत-जात होतं! तुम्हीच मला चार वाजता शिव्या घातल्या होत्या त्यावरून!"

चौतीस वर्षं तपासनीस, आणि नेट चालू आहे का एवढं तपासलं नव्हतं.

"चिठ्ठी काढा तुमची," ती म्हणाली. "मी पान आधीसारखं करते."

मी बाणाच्या मानेची चिठ्ठी सोडली. बाण हळूच वितळला. मग आधी उंबर आला, पानागणिक. मग झिऱ्याची टपटप. मग पाच घरं, शेणाच्या सारवणाच्या वासासकट, आणि मधल्या घराला दार. सगुणाबाई गाठोडं टाकून आत घुसली. मी आणि सहादू उंबराखाली बसलो. ऊन थोडं कललं तेव्हा आतून एक चिरकी हाक आली. नवी होती, कुठूनही वळवलेली नव्हती.

सगुणाबाई हात पुसत बाहेर आली. "नात हाय."

माझ्या फोनवर तृप्तीचा निरोप होता. लेख परत लागला, दर्जा: गोल्टी.

"म्हंजे काय?"

"म्हणजे सगळ्यात बारका कांदा."

"असू दे की. पोर बी येवडीशीच हाय."

मग तिनं गाठोड्यातून लाल चिंधी काढली आणि माझ्या उजव्या अंगठ्याला गच्च बांधली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी बाद केलं. गाठ इतकी पक्की की अजून सुटलेली नाही. आजही दुपारी डोळा लागायला आला की अंगठा ठणकतो, आणि मी उठून आधी नेट चालू आहे का ते बघतो.