ओट्सच्या कण्या

माझ्या सासूबाई लंकाबाई. साखरेनं दोन वर्षांत त्यांची नजर नेली. इलाज झाले, पण शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा राहिला. त्यात गेल्या दिवाळीत शेगडीपाशी पदराचं टोक पेटलं. शेजारच्या मासूमाभाभी धावत आल्या म्हणून निभावलं. त्या दिवसापासून संतोषनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आईला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही.

गावी असताना पंगतीचा स्वयंपाक एकटीनं उरकणारी ही बाई आमच्या नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये दिवसभर दिवाणावर बसून राहू लागली. तक्रार काहीच नाही. फक्त बोलणं कमी झालं.

डॉक्टरांनी सांगितलं, दुपारी ओट्स द्या, पण ते पातळ पोह्यांसारखे नकोत, जाड तुकड्यांचे द्या. ते शिजायला फार वेळ लागतो आणि मला तर सव्वासातला सिन्नरची कंपनीची बस असते. म्हणून मी स्लो कुकर मागवला. विजेवर चालणारं चिनीमातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण. सकाळी निघताना लावायचं, जेवणाच्या वेळेला तयार.

तयार व्हायचं, पण कडेनं करपायचं. आई मधलं मधलं खायच्या. मला वाटायचं, त्यांना आवडतच नाही.

एका रविवारी मी पुडा फोडत होते. आई म्हणाल्या, "दाखव बरं." मी मूठभर दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते अंगठ्यानं चोळले, एक दाणा दाताखाली धरला.

"अगं, ह्या तर कण्या हायत. आपल्या जवारीच्या असत्यात तशा."

"हो आई, ओट्सच्या कण्याच म्हणा."

"मंग त्या भांड्यात कशाला वततीस? कुकरात वरण लावतो तसं लाव. खाली पाणी, आत डबा. कड लागायची नाय."

मी तसं केलं. एक दाणासुद्धा चिकटला नाही. तीन आठवडे मी इंटरनेटवर उपाय शोधत होते.

त्यानंतर त्या रोज काहीबाही विचारू लागल्या. बटण कसं फिरतं? किती वेळा टक वाजतं? झाकणाला धरायला काय आहे? एकदा संतोषनं ते ऐकलं.

"आई, तू त्याच्या नादी लागू नको. शॉक बसला तर?"

त्यांनी विचारणं बंद केलं. मी त्यांची बाजू घेतली नाही, याची मला अजून लाज वाटते.

पुढं एका सकाळी माझी फार घाई झाली. आई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आज. कालची भाकर हाय." मी निघाले, आणि बस थांब्यावर लक्षात आलं की ओळखपत्र घरीच राहिलं. परत आले. किल्लीनं हळूच दार उघडलं तर दिवाण रिकामा.

त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. कण्यांची एक वाटी डब्यात ओतली. मग पाणी. प्रत्येक वाटी भरताना बोटाचं टोक कडेवरून आत सोडलेलं, बोटाला पाणी लागलं की माठाची तोटी बंद. अशा चार वाट्या, एक थेंब न सांडता. डबा भांड्यात बसवला, बाहेरून पाणी घातलं, बोटाच्या पेरानं त्याची उंची पाहिली. झाकण ठेवून एकदा गोल फिरवलं, नीट बसलंय की नाही त्याचा आवाज ऐकला. मग पदराला दोन्ही हात कोरडे केले. एकदा नाही, दोनदा. आणि मगच भिंत चाचपत स्विच लावला, भांड्याचं बटण फिरवलं. टक. टक. दोन म्हणजे जोरात. मी हे त्यांना एकदाच सांगितलं होतं.

मी चपलांसकट दारातच उभी होते. डोळे असून माझ्या हातून रोज काही ना काही सांडतं.

"तेजू, चपला काढ की. कवाची उभी हायस?"

बस चुकली. मी रजा टाकली आणि काहीही मदत न करता बसून राहिले. साडेअकराला त्यांनी झाकण उघडलं, वाफ जाऊ दिली, एक कणी चिमटीत दाबली. "झाली." ताक, मीठ, जिऱ्याची पूड. चव पाहून आणखी थोडं मीठ.

संतोषची प्रेसमधली सकाळची पाळी होती. तीनला तो आला, तेव्हा मी काही न सांगता वाटी पुढं केली. त्यानं संपवली, आणखी मागितली.

"आज चांगलं जमलंय तुला."

"मी हात नाही लावला," मी म्हणाले. "आईंनी केलंय. सगळं."

त्यानं वाटी खाली ठेवली. मग आईजवळ जाऊन बसला. "मला करून दाखवशील?" म्हणाला. त्यांनी दाखवलं, आणि त्याला झाकण नीट बसवता आलं नाही म्हणून ओरडल्यासुद्धा.

आता दुपारचं रांधणं त्यांचंच. कण्या, मुगाची खिचडी, कधी मासूमाभाभींसाठी दलिया. साखर थोडी उतरली आहे. नजर परत आलेली नाही, येणारही नाही. पण दुपारी मी कंपनीतून फोन केला की मी काही विचारायच्या आतच पलीकडून आवाज येतो, "तू जेवलीस का गं?"