चौथ्या लेनचं कोरं कार्ड

"हिला रायफल म्हणायचं की छत्रीची दांडी?" मिस्त्रींनी ती एका हाताने उचलून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

"दोनच किलोची आहे," सेक्रेटरी म्हणाले. "बायकांच्या वर्गासाठी अशा सहा घ्यायच्यात. तुम्ही हो म्हणालात तर हो. नाही म्हणालात तर उद्या ही परत."

मिस्त्री म्हणजे नेमबाजीच्या रेंजवरच्या रायफली दुरुस्त करणारे, आणि नवी आली की पहिल्या दहा गोळ्या मारून बघणारे. एकतीस वर्षं हेच काम. त्यांच्या शब्दापुढे सेक्रेटरींचंही काही चालत नसे आणि हे मिस्त्रींना चांगलंच ठाऊक होतं. जीव सगळा पाच किलोच्या लाकडी रायफलींवर. हलक्या वस्तूवर त्यांचा मुळातच विश्वास नव्हता, मग ती चप्पल असो की माणूस.

शेजारच्या तिसऱ्या लेनवर त्यांची सून उभी होती. आठवडाभर पोस्टाच्या खिडकीमागे बसून पाठ आखडते म्हणून रविवारी ती सासऱ्यांबरोबर यायची. लाकडी रायफल तिला पेलत नसे. पाचव्या गोळीपर्यंत नळी खाली झुकायची आणि पुढच्या गोळ्या मातीच्या बांधात जायच्या.

"बाबा, ती चांगली निघाली तर आधी मला द्याल ना?"

"निघाली तर. तू आपल्या कार्डाकडे बघ. आधी नंबर, मग काळं. पोस्टात चालतं इकडचं तिकडे, इथे नाही."

हे ते प्रत्येकाला ऐकवत. कार्डावरचा लेनचा नंबर आधी वाचायचा, मग काळ्या वर्तुळावर नेम धरायचा. शेजाऱ्याच्या कार्डावर गोळी गेली की सहा महिने रायफलीला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनीच भांडून करून घेतला होता. त्यापायी गेल्या वर्षी एका निवृत्त न्यायाधीशांनासुद्धा घरी बसवलं होतं, तेही त्यांच्या नातवादेखत.

मिस्त्री चौथ्या लेनवर उभे राहिले, काडतूस भरलं आणि रायफल खांद्याला लावली. वरच्या दुर्बिणीने ते वैतागले. लाकडी रायफलीवरून बघितलं की सगळी रांग दिसते, नंबरांसकट. हिच्यात नुसतं एक काळं वर्तुळ, घागरीएवढं. वर रायफल इतकी हलकी की श्वासाबरोबर डुलायची. तीन गोळ्या त्यांनी शिव्या घालतच मारल्या. चौथीला तिची खोड कळली. सातवीला चक्क मजा यायला लागली. दहावी सुटली तेव्हा ते स्वतःशीच हसत होते.

गोळीबार थांबला, सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या आणि पन्नास मीटर चालत सगळे आपापलं कार्ड आणायला गेले.

मिस्त्रींचं कार्ड कोरं होतं.

त्यांनी ते उलटं करून पाहिलं. उजेडाकडे धरलं. मग मागच्या बांधाकडे बघितलं, जणू तिथे कुणी खुलासा करणार होतं. दहातली एकही नाही? नवशिक्याचीसुद्धा एखादी लागते. परत येऊन त्यांनी दुर्बिणीचे स्क्रू तपासले, घट्ट होते. नळीतून पाहिलं, स्वच्छ होती. काहीच चुकलेलं नव्हतं, आणि तरी कार्ड कोरं.

"माल खराब आहे," ते शेवटी म्हणाले. "परत पाठवा."

सेक्रेटरींनी फॉर्मवर लिहायला घेतलं आणि मध्येच ओरडले, "मिस्त्री, इकडे या! तुमच्या सुनेने कमाल केलीय!"

सुनेच्या कार्डावर कडेकडेला सहा-सात भोकं होती. आणि मधल्या काळ्यात, जराशी डावीकडे खाली, एक फाटकी खिडकी पडली होती. नाण्याने झाकली गेली असती एवढीच. गोळीवर गोळी बसल्याशिवाय तसं भोक पडत नाही.

"तुम्हाला संघातच घ्यायला हवं!" सेक्रेटरी म्हणाले.

सून हसली नाही. ती कार्डाची घडी घालायला लागली. "चला ना बाबा, घरी. ऊन फार झालंय."

"बघू." मिस्त्रींनी कार्ड घेतलं. डावीकडे, जराशी खाली. ट्रिगरवरचं त्यांचं बोट तरुणपणापासून असंच ओढायचं. स्वतःचं अक्षर ओळखावं तसं त्यांनी ते भोक ओळखलं.

"तुझ्या किती लागल्या?"

"मोजल्या नाहीत मी."

पोस्टातली बाई, आणि म्हणे मोजल्या नाहीत. तिला कळलं होतं. तिने ते कार्ड पर्समध्ये घातलं असतं, आणि रायफल गुपचूप परत गेली असती.

मिस्त्री आठवायला लागले. काडतूस भरलं, ते आठवत होतं. पहिला आवाज आठवत होता. मधे नंबर वाचला का? वाचला असणारच. एकतीस वर्षांत वाचला नाही असं झालंच नाही. पण चार दिसला होता की तीन, ते डोळ्यांपुढे येईना. तिथे काहीच नव्हतं. त्यांना भीती वाटली, लहान मुलाला गर्दीत वाटते तशी.

"साहेब, लिहिलंय ते खोडा," ते म्हणाले. "रायफल उत्तम आहे. सहाच्या सहा घ्या. या दहा गोळ्या माझ्या आहेत."

सेक्रेटरींना समजायला वेळ लागला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "घरातल्या घरात झालंय हो. कुणी बघितलं नाही."

"मी बघितलं ना."

"अहो, पण नेम काय आहे तुमचा अजून!"

"नेम आहे. कुठे धरलाय ते कळलं नाही." रिकामी असल्याचं दिसावं म्हणून बोल्ट उघडा ठेवून त्यांनी रायफल सुनेच्या हातात दिली. "सहा महिने. त्या न्यायाधीशांना तोंड दाखवायचंय मला."

"आणि तपासणी कोण करणार?"

सून रायफल छातीशी धरून उभी होती, आणि ती हलकी आहे हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी फाटकावरच्या रखवालदाराने मान खाली घालूनच पाहुण्यांची वही पुढे सरकवली. मिस्त्रींनी तिच्यात पहिल्यांदाच नाव लिहिलं. वेळ लिहिली. 'येण्याचं कारण' या रकान्याशी पेन थांबलं. मागे दोघं-तिघं खोळंबले.

"काय लिहू गं?"

"लिहा, सुनेबरोबर," सून म्हणाली.

त्यांनी तसं लिहिलं, सही केली आणि पेन मागच्या माणसाला दिलं.