अंगणात टेकलेली पालखी

महिपतराव मेंबरांची सकाळ आरशापुढे सुरू होई. मिशीला तेल लावता लावता आज कोणाशी किती गोड बोलायचं ते ठरे. तालुका लोकल बोर्डाची निवडणूक शिमग्यानंतर लगेच होती, त्यामुळे त्या दिवसांत सारं जग त्यांना जवळचं झालं होतं. एरवी ज्याला अंगणाबाहेर उभा करीत, त्याच्या म्हशीचीसुद्धा ते आता चौकशी करीत.

थंडीत रत्नागिरीला सर्व जातींचं सहभोजन झालं, तेव्हा मेंबर पहिल्या पंगतीत होते. अस्पृश्यता हा आपल्या कपाळावरचा कलंक आहे, असं ते तिथे गळा काढून बोलले. टाळ्या झाल्या, हार पडला, फोटो निघाला. गाडी घरच्या आगरात शिरली तेव्हा त्यांच्या पत्नी मथुराबाई पंचगव्याची वाटी घेऊन पायरीवरच उभ्या होत्या, कारण तसा निरोप पुढे गेला होता. मेंबरांनी ते घेतलं, बाहेरच स्नान केलं, अंगावरचे कपडे परटाकडे धाडले. हार तेवढा माजघरातल्या खुंटीवर गेला. त्याला विटाळ नव्हता.

अशा या गृहस्थांना यंदा एका विधवेची गरज पडली होती.

हेदवीच्या वाटेवरच्या या गावात सगुणाबाईचं घर टोकाला होतं. नवरा तांडेल होता, तो वादळात गलबतासह गेला. मागे जमीन उरली, परड्यातली बारमाही विहीर उरली, म्हातारी सासू काशी आणि मुलगी मैना. जमीन नावावर असल्यामुळे सगुणाबाईला मत होतं आणि तिच्या शब्दावर चालणारी दोनचार भावकीची घरंही होती. विरुद्ध बाजूला चिपळूणचा एक वकील उभा होता आणि यंदाची लढत अटीतटीची होणार असं सारे म्हणत होते.

गेल्या उन्हाळ्यात महारवाडीचा झरा आटला. रघूची बायको चिमा रिकामी घागर घेऊन सगुणाबाईच्या कुंपणाशी दिवसभर बसली, कोणीतरी वरून पाणी ओतील या आशेने. सगुणाबाईने तिला आत बोलावलं आणि रहाट दाखवला. दुसऱ्या दिवसापासून सगळी महारवाडी येऊ लागली. गावकी बसली, महिपतराव पुढे बसले, आणि सगुणाबाईचं घर वाळीत पडलं. कोणी तिच्याशी बोलायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, शिमग्यात देवाची पालखी तिच्या दारात थांबायची नाही.

पावसाळ्यात काशी वारली. प्रेत ओसरीवर पडून राहिलं. ज्या घरांतल्या बाळंतिणींना म्हातारीने शेकशेगडी केली होती, त्या घरांची दारं बंद राहिली. शेवटी रघू आणि त्याचे भाऊ आले, खाली मान घालून म्हणाले, "बाय, तुमची ना नसंल तर आमी नेताव." भर पावसात त्यांनी म्हातारीला खांदा दिला. मेंबर त्या वेळी ओटीवर पान लावीत होते. अंत्ययात्रा त्यांच्या घरावरूनच गेली. त्यांनी तोंड फिरवलं आणि चुना मागितला.

आता शिमग्याच्या तोंडावर तेच मेंबर छत्री टेकीत सगुणाबाईच्या अंगणात आले. ती खळं सारवीत होती, मैना काजू फोडीत होती. ते बसले नाहीत. पाणी कोणी विचारील या भीतीने असेल.

"सगुणावैनी, झालं गेलं विसरा. यंदा पालखी तुमच्या दारात आणतो. वाळीत टाकणं उठलं, की दाभोळची माणसं कशाला अडतील?"

दाभोळच्या एका मुलाबरोबर मैनेचं जमलं होतं. मुलगा भला होता, मैनेला तो आवडला होता. पण वाळीत टाकलेल्या घरी वऱ्हाड कसं आणायचं, असं म्हणून त्याच्या बापाने लग्न लांबणीवर टाकलं होतं.

"वाळीत टाकलानी तवा तुमीच पुढं बसला होताव ना?" सगुणाबाई म्हणाली.

"तो गावकीचा निर्णय. मी एकटा काय करणार? आता एवढंच करा. पालखीपुढे सांगून टाका, की विहीर आजपासून महारवाडीला बंद. आणि मत कुठं द्यायचं ते तुम्हाला सांगायला नको."

सगुणाबाईने मैनेकडे पाहिलं आणि ती गप्प राहिली. बाईमाणूस गप्प राहिलं म्हणजे कबूल झालं, असं मेंबर जन्मभर धरून चालले होते. ते खुशीत परतले.

खरं सांगायचं तर ती डळमळली होती. मुलीच्या लग्नापुढे आईला दुसरं काय दिसणार? संध्याकाळी चिमा पाण्याला आली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"बाय, आमी नदीचं आणू. लांब हाय, पण आणू. पोरीचं लगीन आमच्यापायी मोडू नुको."

सगुणाबाईला लाजेने वर बघवेना. मैनाच मधे बोलली, "आये, आजीला खांदा कुणी दिलानी, ता इसरलंस काय गो?" आणि तिने चिमेची घागर उचलून रहाटाखाली धरली.

पालखी आली ती ऐन दुपारी. ढोल वाजत होते, फाल्गुनाचं ऊन जांभ्याच्या गडग्यावरून डोळ्यांत येत होतं. मेंबर पांढरं पागोटं घालून पुढे चालत होते. मागे सारा गाव होता, आणि सणासाठी मुंबईहून आलेले गिरणीतले चाकरमानी पालखीचे भोई झाले होते. अंगणात येताच मेंबरांनी ऐटीत हात वर केला, "टेकवा!" पालखी टेकली.

इथेच त्यांची चूक झाली. पालखी एकदा अंगणात टेकली, की घरधन्याचा नारळ घेतल्याखेरीज ती उठत नाही, अशी त्या गावची रीत. मतांच्या घाईत मेंबर ती विसरले.

"हं वैनी, सांगा आता देवापुढं."

सगुणाबाई नारळ घेऊन उभी होती. मैनेने कळशी आणून ठेवली, तांब्या भरला आणि मेंबरांपुढे धरला.

"सांगतंय," सगुणाबाई म्हणाली. "आदी पाणी घ्या. त्याच हिरीचं हाय. रत्नागिरीत तुमी त्येंच्या पंगतीत जेवलाव, पेपरात आलं. मंग हितं घोटभर पाण्यानं काय व्हतंय?"

ढोल थांबले. मेंबरांनी तांब्याकडे पाहिलं, मग गावकीच्या म्हाताऱ्यांकडे. पाणी प्यावं तर म्हाताऱ्यांची मतं गेली, न प्यावं तर रत्नागिरीचा हार खोटा.

"आज माझा उपास आहे."

"उपासाला पाणी चालतं."

"निर्जळी आहे!"

सकाळीच लवू गुरवाच्या घरी त्यांनी घावनं चापली होती. लवू तिथेच उभा होता. कोणीतरी फिसकन हसलं.

"लवू, उचलायला सांग पालखी!"

"नारळाबिगार उठत नाय, मेंबर," लवू म्हणाला. "टेकवायला तुमीच सांगितलाव."

ऊन चढत होतं. भोयांपैकी आत्माराम नावाच्या गड्याने कपाळ पुसलं आणि मैनेच्या हातातला तांब्या घेतला. "मुंबयत चाळीच्या नळार कोण कुणाची जात इचारतो? आण पाणी." तो घटाघट प्यायला. मग दुसरा प्यायला. मग सगळेच कळशीभोवती जमले.

"मला हेदवीला सभा आहे," मेंबर म्हणाले आणि छत्री उघडून चालते झाले. पालखीचा पहिला मान ज्यांचा, ते देवाला अंगणात टाकून पळाले. असल्या माणसाची कीव करावी असं म्हणतात. मला ती येत नाही.

तेवढ्यात चिमा दुपारच्या खेपेला कुंपणाशी आली आणि गर्दी पाहून मागे वळली. सगुणाबाईने हाक मारली, "ये गो चिमा. भर पाणी." चिमा पालखीकडे बघत, अंग चोरून आत आली. रहाट करकरला. घागर भरून ती बाहेर गेल्यावरच सगुणाबाईने लवूच्या हातात नारळ दिला. लवूने देवाला गाऱ्हाणं घातलं आणि पालखी उठली.

इथे गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण मेंबरांनी त्याच आठवड्यात दाभोळला माणूस पाठवला आणि मैनेचं लग्न मोडलं. ती त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी उठून पाण्याला गेली.

महिपतराव भरघोस मतांनी निवडून आले. ज्या आत्मारामाने पहिला घोट घेतला, त्यानेही मत त्यांनाच दिलं. सगुणाबाईने त्याला वाटेत गाठून विचारलं, तेव्हा तो पायाच्या अंगठ्याने माती उकरीत म्हणाला, "काय करणार वैनी, आपला मानूस."

मेंबर आता बोर्डात सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या कराव्यात म्हणून ठराव मांडणार आहेत. त्यांच्या घरची विहीर खाजगी आहे. तुम्ही टाळ्या वाजवाल, मागच्या वेळी वाजवल्या होत्या तशाच. मैना मात्र अजून घरीच आहे, आणि उन्हं कलली की ती आणि चिमा एकाच रहाटावर पाणी ओढतात.