शेजाऱ्यांचं सामान

वाल्मीक सातपूरच्या कारखान्यात मॅनेजर झाला आणि कामगार कॉलनीतल्या दोन खोल्या सोडून गंगापूर रोडच्या पुढे, द्राक्षबागा तोडून झालेल्या बंगल्यांच्या वसाहतीत राहायला आला. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. त्याच्या बायकोला, रूपालीला, जागा मनापासून आवडली. नळाला दिवसभर पाणी होतं. गच्चीवरून डोंगर दिसायचे. कोणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळत नव्हतं.

इतरही काही कळत नव्हतं. शेजारच्या बंगल्यावर 'बोरस्ते' अशी पाटी होती. त्यातले बोरस्ते उजाडायच्या आत गाडी काढून नाशिकरोडला जायचे आणि तिथून रेल्वेने मुंबईला. त्यांची बायको शाळेत शिकवायची. वर्षभरात रूपालीचं तिच्याशी एकदाच बोलणं झालं होतं, झाडावर बसलेल्या मधमाश्यांविषयी.

एका मंगळवारी, नवरा कामावर गेल्यावर, रूपाली गुलाबांना पाणी घालत होती. बोरस्त्यांच्या दारात टेम्पो येऊन थांबला. निळ्या शर्टातली चार माणसं उतरली, कुलूप उघडून आत गेली आणि सोफा बाहेर आणू लागली.

"वहिनी, प्यायला पाणी मिळेल का?" त्यांच्यातला वयस्कर माणूस कुंपणापाशी येऊन म्हणाला.

"मिळेल की. कुठे चाललं सामान?"

"पुण्याला. साहेबांची बदली झाली."

रूपालीला वाईट वाटलं. माणसं गाव सोडून चालली आणि शेजारी साधं सांगितलंही नाही. पण यात हमालांची काय चूक? तिने त्यांना पाणी दिलं, मग चहा केला. चहा घेताना त्या माणसाने मुलंबाळं किती, माहेर कुठलं, एवढ्या मोठ्या घरात करमतं का, असं सगळं विचारलं. एवढी विचारपूस या वसाहतीत तिची कोणीच केली नव्हती. काचेचं कपाट तसंच चढवताना पाहून तिने घरातल्या दोन जुन्या गोधड्या आणून दिल्या. टेम्पो मागे घेताना बोरस्त्यांची तुळस वाचावी म्हणून "येऊ द्या, येऊ द्या, बस!" असं ओरडलीही.

"शेजारी असावा तर असा," तो माणूस निघताना म्हणाला. रूपालीचा दिवस छान गेला.

संध्याकाळी बोरस्तेबाई शाळेतून आल्या आणि दोनच मिनिटांत रूपालीच्या दारात उभ्या राहिल्या.

"अहो, आमच्या घरात काहीच नाहीये."

"म्हणजे तुम्ही गेला नाहीत?" रूपाली म्हणाली.

पोलीस आले. हवालदाराने लिहून घ्यायला सुरुवात केली.

"चोरांना चहा कोणी दिला?"

"मी."

"गोधड्या?"

"त्याही मीच."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "बाई, तुम्हाला संशय नाही आला?"

"मला वाटलं, हे लोक न सांगता चालले."

हवालदाराने बोरस्तेबाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "बदली झाली असती तर आम्ही खरंच न सांगता गेलो असतो हो." मग त्या रडू लागल्या. रूपालीने त्यांना आपल्या घरी आणलं. बसायला खुर्चीसुद्धा उरली नव्हती त्यांच्याकडे.

त्या रात्री बोरस्ते गाडीतून उतरून थेट वाल्मीकच्या घरी जेवायला आले. पिठलं-भाकरी होती. बाईंचं नाव संध्या आहे आणि त्यांचं माहेर देवळ्याचं, हे जेवताना कळलं. रूपालीची आत्याही देवळ्यालाच दिलेली होती. टीव्ही कोणत्या कंपनीचा होता ते बोरस्त्यांना आठवेना, रूपालीने सांगितलं.

टेम्पो पुढे नांदगावजवळ सापडला, रिकामा. वसाहतीची सभा भरली आणि सगळ्यांनी कुंपणाच्या भिंती उंच करायचं ठरवलं. बोरस्त्यांनीही आपली भिंत उंच केली. मात्र संध्या आता कुठेही निघाली की फाटकाशी येऊन हाक मारायची, "रूपाली, लग्नाला चाललेय गं, उद्या येईन." कोणाचं लग्न, मुलगी कुठली, हे सांगता सांगता अनेकदा तिची बस चुकायची.

"परत सातपूरला जायचं का राहायला?" वाल्मीकने एकदा विचारलं.

"छे," रूपाली म्हणाली. "इथे पाणी आहे."