किल्लीबाबाची पंधरा मिनिटं

चढावरच्या वळणावर ही गर्दी! बंद पडलेल्या सहा जुनाट टॅक्स्या एकामागे एक उभ्या, चालक हात जोडून, आणि मधोमध फळीवर बसलेला किल्लीबाबा. डोळे मिटलेले, मुठीत एका गाडीची किल्ली, ओठ पुटपुटताहेत. पंधरा मिनिटांनी मूठ उघडली, चालकाने किल्ली फिरवली आणि मघापासून ढिम्म असलेलं इंजिन धडधडायला लागलं. लोकांनी असा काही गलका केला की विचारू नका.

माझ्या धाकट्या भावाची टॅक्सीही नेमकी तिथेच बंद पडली. नेमकी कसली, महिनाभर रोजच पडत होती. पण आज मागच्या सीटवर माझी भावजय होती. तिची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा इस्पितळात मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागतं. मशीनची मागची पाळी याच वळणावर चुकली होती. आज दहाला पोचलो नाही, तर मशीन दुसऱ्या पेशंटला जाणार. तिचे पाय सुजले होते, दोन शब्द बोलली तरी धाप लागत होती. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

मी गॅरेज चालवते, नवरा गेल्यापासून, बावीस वर्षं. हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊनच गाडीत बसले होते.

"बॉनेट उघड," मी भावाला म्हणाले.

"नको ताई. बाबांनी बजावलंय, गाडीला पाना लागला की गुण जातो." एवढं बोलून त्याने किल्ली बाबाच्या हातात दिलीसुद्धा!

बाबा माझ्याकडे बघून गोड हसला. "माई, लोखंडालाही मन असतं. ते रुसतं. त्याची समजूत काढावी लागते."

"लोखंडाला गंज असतो, बाबा. ती किल्ली द्या इकडे. बाई आजारी आहे."

"घाई केली की कोप होतो," असं म्हणून त्याने मूठ आवळली. "तोंड आवरा, बाई," गर्दीतून कुणीतरी माझ्यावर खेकसलं. मी एकटी, ते पन्नास. करणार काय? भावजयीच्या पाठीवरून हात फिरवत बसले. तिचा प्रत्येक श्वास मला ऐकू येत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

पंधरा मिनिटांनी गाडी सुरू झाली. "बघितलंस ना?" भाऊ म्हणाला.

"बघितलं. चालव आता."

किलोमीटरभरही गेलो नसू. शेवटच्या खड्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि पुन्हा गप्प. नऊ चाळीस. वर इस्पितळाची इमारत दिसत होती, पण भावजयीला दहा पावलंही चालवली नसती. दुसरी गाडी थांबवावी म्हटलं, तर साऱ्या टॅक्स्या खाली बाबापुढे रांगेत!

भाऊ रडकुंडीला आला. "ताई, तू उतर. गाडीत शंकेखोर माणूस असलं की असंच होतं म्हणाले बाबा. मी किल्ली घेऊन खाली पळतो."

माझं डोकंच फिरलं. आई गेल्यापासून याला मी वाढवला, आणि हा मला उतर म्हणतो! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, ताई नाही उतरणार." भावजय एकेक शब्द ओढून काढत होती. "परवा दारातच बंद पडली गाडी. किल्ली टेबलावर होती. तुम्ही फोनवर बोलत बसलात. तेव्हाही पंधरा मिनिटांनीच सुरू झाली. टेबलाने कुठला मंत्र म्हटला?" तिने दम घेतला. "आणि माझं रक्त कुणी मुठीत धरून साफ होतं का हो? गाळावंच लागतं ना?"

भावाने गाडीतून किल्ली काढली. मग त्याने किल्ली माझ्या हातावर ठेवली.

तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडलं तर तिघंही जळून मेलो असतो, म्हणून पाच मिनिटं नुसतं थांबले. ती पाच मिनिटं मला जन्मभर पुरतील. मग पेट्रोल गाळायची बोटभर डबी काढून रुमालावर आपटली. विटकरी चिखल पडला! नळीचं इंजिनाकडचं टोक सोडवून त्यात टायरचा पंप लावला, टाकीचं झाकण उघडलं आणि भावाला म्हटलं, "मार हवा." पाचव्या दट्ट्याला नळी मोकळी झाली. नवी डबी बसवली, किल्ली फिरवली. पुढचा चढ गाडी एका दमात चढली. दहाला तीन मिनिटं कमी असताना नर्सने भावजयीला आत नेलं.

"अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं," डॉक्टर म्हणाले. भाऊ भिंतीला टेकून हमसून हमसून रडला.

दुपारी तो मला घेऊन त्या वळणावर गेला. दोन टॅक्स्या नुकत्याच बंद पडल्या होत्या. "एक किल्ली बाबाला द्या," तो म्हणाला, "दुसरी माझ्या खिशात राहू द्या." पंधरा मिनिटांनी दोन्ही गाड्या सुरू झाल्या. खिशातली तर आधी, कारण बाबाचं पुटपुटणं संपेचना! "तुझ्या खिशाला माझा स्पर्श झालाय," बाबा म्हणाला, तेव्हा मात्र त्याच्याच भक्तांना हसू आवरलं नाही.

मग मी रुमाल उघडून दाखवला. "अरे बाबांनो, तुम्ही टाकी कधी भरता का? रोज भाड्यापुरतं चार लिटर! रिकाम्या टाकीला आतून गंज धरतो. चढावर इंजिन जोरात पेट्रोल ओढतं, तो गाळ नळीच्या तोंडाशी येऊन बसतो. गाडी थांबली की ओढ थांबते, गाळ खाली बसतो आणि पेट्रोलला वाट मिळते. बाबा फक्त तेवढा वेळ तुम्हाला गाडीला हात लावू देत नाही. टाकी उतरवून धुवा, नळ्या बदला. आणि कुणी 'उघडून बघू नका' म्हणाला, की आधी उघडून बघा!"

"पण बाबांमुळे नुकसान तर काही झालं नाही ना?" नुकतीच बाबाच्या हातात आपली किल्ली दिलेला एक म्हातारा चालक पुटपुटला.

भाऊ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काका, माझी बायको मागच्या सीटवर गुदमरत होती," तो म्हणाला, "आणि मी तिच्याकडे पाठ करून याच्या मुठीकडे बघत बसलो होतो."

म्हाताऱ्याने बाबापुढे हात पसरला आणि आपली किल्ली परत मागितली.